खरं झाड की कृत्रिम? ख्रिसमस ट्री घेण्याआधी

दुकानात दोन्ही झाडं चांगलीच दिसतात. खऱ्या झाडाची परीक्षा बाराव्या दिवशी होते आणि कृत्रिम झाडाची आठव्या वर्षी. म्हणून विकत घेतानाची शोभा बाजूला ठेवून, त्या बाराव्या दिवसाकडे आणि आठव्या वर्षाकडे बघून निवड करायला हवी. आमचं मत आधीच सांगतो. झाडाला रोज न चुकता पाणी घालणारं कुणी घरात असेल आणि सण झाल्यावर झाडाचा भुगा किंवा खत होण्याची सोय जवळपास असेल, तर कापलेलं फर, म्हणजे सुईसारख्या पानांचं खरं झाड, घ्या. ते जमणार नसेल, पण एकच झाड दहा-बारा वर्षं वापरायची तयारी आणि ते ठेवायला कोरडी जागा असेल, तर कृत्रिम घ्या. दर तीन-चार वर्षांनी कंटाळा आला म्हणून नवं कृत्रिम झाड आणायचं, हा या सगळ्यातला सर्वांत वाईट मार्ग आहे.

वर्षांचा हा हिशेब हवेतला नाही. ब्रिटनमधल्या कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या आकडेवारीनुसार दोन मीटर उंचीच्या कृत्रिम झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं. तेवढ्याच उंचीचं खरं झाड शेवटी जाळलं किंवा भुगा करून जमिनीवर पसरलं, तर हा आकडा सुमारे ३.५ किलो असतो. तेच झाड कचरा डेपोत पुरलं गेलं तर १६ किलो, कारण हवा न मिळता कुजताना मिथेन तयार होतो. आता भागाकार करा. ४० भागिले ३.५ म्हणजे साधारण साडेअकरा. भुगा होणाऱ्या झाडाशी बरोबरी करायला कृत्रिम झाड बारा सण टिकायला हवं. ४० भागिले १६ म्हणजे अडीच. कचऱ्यात जाणाऱ्या झाडाशी तिसऱ्याच वर्षी बरोबरी होते. मॉन्ट्रियलच्या एलिप्सोस या सल्लागार संस्थेने २००९ साली केलेल्या अभ्यासात कृत्रिम झाडाला वीस वर्षं लागतात असं निघालं. वाहतुकीचं अंतर, झाडाचं वजन, शेवटची विल्हेवाट यांबद्दल प्रत्येक अभ्यास वेगळं धरून चालतो, म्हणून आकडे हलतात. पण दिशा एकच राहते. खरं झाड आणायला एकट्या झाडासाठी गाडी काढून लांबवर जाऊन यायचं असेल, तर त्या फेरीचं इंधनही याच हिशेबात धरा.

खरं झाड घेणं म्हणजे जंगलतोड, ही समजूत मात्र सोडायला हरकत नाही. विक्रीची बहुतेक झाडं शेतात लावलेली असतात. सहा-सात फुटांचं झाड व्हायला जातीप्रमाणे सात ते दहा वर्षं लागतात, नॉर्डमन फरला त्याहून थोडी जास्त. एक पीक कापलं की त्या जागी पुढची रोपं लागतात. आक्षेप घ्यायचाच तर तो या शेतांमधल्या कीटकनाशकांवर आणि तणनाशकांवर घेता येईल. विक्रेत्याला त्याबद्दल जरूर विचारा.

खरं झाड घेताना पहिला प्रश्न जातीचा. पाटीवर नुसतं 'ख्रिसमस ट्री' लिहिलेलं असेल तर एक सुई उपटा आणि अंगठा व तर्जनी यांच्यात धरून फिरवा. चपटी असेल आणि फिरायला तयार नसेल तर फर. चार धारांची असेल, सहज गोल फिरत असेल तर स्प्रूस. दोन, तीन किंवा पाच सुया एकाच जुडग्यातून निघालेल्या असतील तर पाइन. सुई निघालेली जागाही बघा. फरच्या फांदीवर तिथे गुळगुळीत गोल ठसा राहतो. स्प्रूसच्या फांदीवर बारीक खुंटी राहते, त्यामुळे सुया गळलेली स्प्रूसची काडी हाताला कानशीसारखी खरखरीत लागते.

घरात दोन-तीन आठवडे ठेवायचं असेल तर आमची पहिली पसंती नॉर्डमन फर किंवा फ्रेझर फर. नॉर्डमनला वास बेताचाच, पण सुया रुंद, मऊ टोकाच्या आणि घट्ट धरून राहणाऱ्या. घरात रांगतं मूल असेल तर हेच बरं. फ्रेझरला वास छान, सुयांची खालची बाजू रुपेरी, फांद्या ताठ आणि झाडाचा घेर आटोपशीर. नोबल फरच्या फांद्यांचे थर एकमेकांपासून सुटे आणि दणकट असतात, काचेचे जड गोळे टांगायला उत्तम. बाल्सम फर वासासाठी घ्यावं. फांद्या जरा बारीक असतात. डग्लस फर हे नावालाच फर आहे, वनस्पतिशास्त्रात त्याची प्रजाती वेगळी. त्याला लिंबाच्या अंगाचा गोड वास येतो, पण फांद्या लवचीक, वजन पडलं की वाकतात.

नॉर्वे स्प्रूस स्वस्त मिळतं म्हणून बरेच जण घेतात आणि आठवड्याभरात जमिनीवर सुयांचा सडा पडला की वैतागतात. ते घ्यायचंच असेल तर सणाच्या चार-पाच दिवस आधी घ्या आणि एकही दिवस पाणी चुकवू नका. ब्लू स्प्रूसचा निळसर रंग देखणा आणि फांद्या मजबूत, मात्र सुया टोचतात. सजवताना लांब बाह्यांचे कपडे आणि हातमोजे घाला. स्कॉट्स पाइनबद्दल एक सावधगिरी. हे झाड वाळलं तरी सुया सोडत नाही. सुया गळत नाहीत म्हणजे झाड ताजं आहे, हा अंदाज या जातीपुरता चुकतो आणि कोरडं झाड दिव्यांसकट घरात उभं राहतं. थंडीत पिवळट पडणाऱ्या अशा पाइनवर विक्रीआधी हिरवा रंग फवारण्याची पद्धतही आहे, तेव्हा नुसत्या रंगावर भुलू नका.

ताजेपणा बघायला फांदी बुंध्याकडून टोकाकडे मुठीतून हलकेच ओढा. दोन-चार सुया हातात आल्या तर ठीक, मूठभर आल्या तर पुढचं झाड बघा. मग खोड जमिनीवर दोन-तीनदा आपटा. आतल्या बाजूच्या तपकिरी सुया पडणारच, त्या जुन्या वर्षांच्या असतात. बाहेरच्या हिरव्या सुया पडल्या तर झाड कापून बरेच दिवस झालेत. गाडीच्या टपावरून नेताना जाळीत बांधा आणि खोडाचं टोक पुढे ठेवा. उलटं ठेवलं तर वारा फांद्या उचकटतो. घरी आणल्यावर लगेच उभं करायचं नसेल, तर सावलीत, थंड जागी, पाण्याच्या बादलीत ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम: बुडखा नव्याने कापणं. झाड कापल्यावर साधारण सहा-आठ तासांत खोडाच्या तोंडाशी राळ जमते, पेशींत हवा शिरते आणि पाणी ओढणं जवळपास थांबतं. म्हणून स्टँडमध्ये बसवण्याच्या अगदी आधी बुडख्याचा दोन ते तीन सेंटिमीटर जाडीचा तुकडा करवतीने उडवायचा. काप खोडाला काटकोनात, सरळ. तिरका किंवा इंग्रजी व्ही अक्षरासारखा काप घेतला तर झाड स्टँडमध्ये डुगडुगतं आणि वरचं टोक पाण्याबाहेर राहतं. खोडाला मधोमध भोक पाडण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. त्याचा उपयोग नाही, कारण पाणी वर नेणारं लाकूड मध्यात नसून सालीलगतच्या बाहेरच्या वर्तुळांत असतं. त्याच कारणाने, खोड स्टँडमध्ये मावत नाही म्हणून कडेने साल तासणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. पाणी पिणारा भागच उघडा पडतो, वाळतो, आणि आठवड्यात झाड बसतं. खोड मावत नसेल तर स्टँड बदला.

स्टँडवर किती लिटरचा आहे ते लिहिलेलं असतं, पण तो आकडा रिकाम्या भांड्याचा. समजा, भांडं आतून २५ सेंटिमीटर व्यासाचं आणि १० सेंटिमीटर खोल आहे. त्यात साधारण ४.९ लिटर मावेल. झाडाचं खोड १० सेंटिमीटर व्यासाचं आहे आणि तळाच्या खिळ्यामुळे ते तळापासून दोन सेंटिमीटर वर टेकलं आहे. त्या दोन सेंटिमीटरमधलं जवळपास एक लिटर पाणी कापाच्या खाली राहतं, झाडाला त्याचा उपयोग शून्य. बुडलेलं खोड स्वतःच सहाशे मिलिलिटरच्या वर जागा खातं. उरलं सुमारे ३.३ लिटर. आणि झाडाची गरज? खोडाच्या दर अडीच सेंटिमीटर व्यासाला दिवसाला सुमारे एक लिटर, म्हणजे या झाडाला चार लिटर. सकाळी काठोकाठ भरलेलं भांडं रात्रीपर्यंत कापाच्या खाली गेलेलं असतं. पहिला आठवडा सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पाणी घालायला लागतं ते यामुळे. पुढे झाडाचं पिणं आपोआप कमी होतं.

पाणी साधं, नळाचं. साखर, ॲस्पिरिन, खत, ब्लीच, दुकानात मिळणारी 'झाड टिकवणारी' द्रावणं, यांतल्या कशाचीही गरज नाही. कोमट पाण्यानेही काही फरक पडत नाही. उलट, घरात कुत्रं-मांजर असेल तर ते स्टँडमधलं पाणी हमखास पितं, म्हणून त्यात काही न मिसळलेलंच चांगलं. एकदा का पाणी कापाच्या खाली जाऊन काही तास गेले, की तोंड पुन्हा बंद होतं आणि नंतर कितीही पाणी ओतलं तरी पातळी हलत नाही. पहिल्याच आठवड्यात भरलेलं भांडं दुसऱ्या दिवशी तसंच्या तसं दिसलं तर हेच झालंय असं समजा. त्यावर उपाय एकच: सजावट उतरवा, झाड बाहेर काढा, पुन्हा दोन-तीन सेंटिमीटर कापा आणि लगेच पाण्यात उभं करा. नकोसं काम आहे, पण कोरडं झाड दिवे लावून तसंच ठेवण्यापेक्षा बरं.

हे नुसत्या सुयांपुरतं नाही, आगीचंही आहे. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीने प्रयोगशाळेत पाणी मिळालेली आणि वाळलेली झाडं पेटवून पाहिली आहेत. ओलसर झाड सहजासहजी पेट घेत नाही. वाळलेलं झाड मात्र काही सेकंदांत बुंध्यापासून शेंड्यापर्यंत ज्वाळांनी वेढलं जातं. माणसाला पाणी आणायला वेळच उरत नाही. हीटर, शेकोटी, रेडिएटर, गरम हवेचा झोत यांपासून झाड किमान एक मीटर लांब ठेवा. उष्णतेजवळ ते जास्त वेगाने पाणी मागतं आणि दिलेलं पुरत नाही. बाहेर पडण्याच्या दारात किंवा जिन्याच्या तोंडाशी झाड नको. झोपताना आणि घराबाहेर जाताना दिवे बंद. फांदी वाकवल्यावर काडीसारखी कट्कन मोडली, तर तारीख न बघता झाड घराबाहेर काढा.

दिव्यांसाठी एलईडीच घ्या, झाड कुठलंही असो. जुन्या पद्धतीच्या शंभर बारीक बल्बच्या माळेला साधारण ४० वॉट लागतात, तेवढ्याच एलईडी माळेला पाच-सहा वॉटच्या आसपास. वीजबिलापेक्षा महत्त्वाचं म्हणजे एलईडी सुयांना तापवत नाही. एकाला एक किती माळा जोडायच्या हे वेष्टनावर लिहिलेलं असतं. जुन्या बल्बच्या माळा तीनपेक्षा जास्त जोडू नयेत असा सर्वसाधारण नियम आहे. झाडाच्या उंचीतल्या दर फुटाला शंभर दिवे धरले की सजावट भरगच्च दिसते. माळ नुसती बाहेरून गुंडाळू नका. प्रत्येक फांदीवर खोडापर्यंत आत नेऊन पुन्हा टोकाकडे आणा. आतल्या दिव्यांनी झाडाला खोली येते.

आता कृत्रिम झाड. पेटीवरचा फोटो बघून काहीच कळत नाही, सुया कशाच्या आहेत ते बघा. पीव्हीसीच्या सुया म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पट्ट्यांना कातरून झालर करायची आणि ती तारेत पिळायची. बाटली घासायच्या ब्रशसारखी रचना. पीईच्या म्हणजे पॉलिथिलीनच्या सुया साच्यात ओतलेल्या असतात, तो साचा खऱ्या फांदीवरून घेतलेला असतो. पीव्हीसीची सुई चपटी, दोन्हीकडे एकाच रंगाची आणि हात फिरवला की सळसळ वाजणारी. पीईची सुई जाडसर, फांदीच्या टोकाला कोंब असतो, रंगात दोन-तीन छटा. बाजारातली बहुतेक 'खऱ्यासारखी' झाडं मिश्र असतात: बाहेरच्या टोकांना पीई आणि आत पोकळी झाकायला पीव्हीसी. यात वाईट काही नाही, आतला दाट भाग कुणाला दिसत नाही. पण पीई किती टक्के आहे ते विचारा, आणि दुकानात मांडलेल्या झाडाची मधली फांदी हाताने बाजूला करून स्वतः आत बघा. काही झाडांत पीई फक्त डोळ्यांच्या उंचीवरच्या फांद्यांना असतं.

टोकांची संख्या, म्हणजे पेटीवर 'टिप्स' म्हणून लिहिलेला आकडा, त्याच उंचीची आणि त्याच प्रकारची दोन झाडं ताडून बघायलाच वापरा. सहा फुटी झाडाला आठशे-हजार टोकं असली की झाड भरलेलं दिसतं. साडेसात फुटी झाडाला बाराशेच्या वर हवीत. पीव्हीसीची बारीक कातरलेली टोकं आणि पीईची भरदार टोकं त्या आकड्यात सारखीच मोजली जातात, म्हणून बाराशेचं पीव्हीसी झाड हजारच्या मिश्र झाडापुढे विरळ वाटू शकतं.

टोकांपेक्षाही आम्ही सांगाड्याला जास्त महत्त्व देतो, कारण झाड निकामी होतं ते सांगाड्यामुळे. मधला दांडा धातूचाच हवा आणि दोन भाग एकमेकांत बसल्यावर जोडाशी हलता कामा नये. पाय धातूचे, चार, आणि स्क्रूने आवळता येणारे. प्लास्टिकच्या पायाला दांड्याच्या खाचेपाशी चीर जाते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी झाड एका बाजूला कलतं आणि त्या पायाचा सुटा भाग मिळत नाही. फांद्या बिजागरीने दांड्याला जोडलेल्या असतील तर भाग उभा करताच त्या आपोआप खाली पडतात, पंधरा-वीस मिनिटांत झाड उभं राहतं. सुट्या फांद्या आकड्याने खोचायच्या प्रकारात प्रत्येक फांदीच्या बुडाला रंगाची खूण असते. तो रंग पाच-सहा वर्षांत खरवडून जातो आणि मग लांबीप्रमाणे लावत बसावं लागतं. हा प्रकार घेतलाच तर पहिल्याच वर्षी प्रत्येक थराच्या फांद्या वेगळ्या बांधून त्यावर क्रमांक लिहून ठेवा. बिजागरीच्या झाडात बिजागरीची पिन तपासा. पातळ पत्र्याच्या बिजागरीतून फांदी तिरकी लोंबायला लागली की ती सरळ होत नाही.

कृत्रिम झाड विरळ दिसतंय अशी तक्रार बहुतेक वेळा फांद्या नीट न फुलवल्यामुळे असते. खालच्या भागापासून सुरुवात करा. तो भाग पूर्ण फुलवल्याशिवाय वरचा चढवू नका. प्रत्येक फांदीवर खोडालगतच्या टोकापासून बाहेर या: एक टोक डावीकडे, एक उजवीकडे, एक वर. अगदी पुढचं टोक सरळ ठेवा. सगळी टोकं एकाच पातळीत पसरली तर फांदी पंख्यासारखी चपटी दिसते आणि मधून दांडा दिसतो. सहा-सात फुटी झाडाला पहिल्या वर्षी दीड-दोन तास लागतात. हातमोजे घाला, तारेची टोकं बोटांना कापतात आणि पीव्हीसीचा भुकटा हाताला लागतो.

त्या भुकट्याचं एक कारण जाणून घ्या. पीव्हीसी टिकाऊ करायला पूर्वी शिसं वापरत असत. जुनं प्लास्टिक ऊन आणि उष्णतेने ठिसूळ झालं की ते धुळीवाटे सुटू शकतं. आता कथिलासारखे दुसरे पर्याय वापरात आहेत. तरी झाड हाताळल्यावर हात धुवा, झाडाखालची धूळ ओल्या फडक्याने पुसा, आणि वारशाने आलेल्या झाडाच्या सुया हाताने चुरल्या जात असतील तर लहान मुलांच्या घरात ते मांडू नका. नवीन झाडाला प्लास्टिकचा उग्र वास येत असेल तर एक-दोन दिवस हवेशीर जागी उघडं ठेवा. 'अग्निरोधक' लिहिलेलं झाड आग उशिरा धरतं; ते पेटणार नाही असा त्याचा अर्थ नाही, आणि पीव्हीसी जळताना निघणारा धूर विषारी असतो.

दिवे आधीच बसवलेलं झाड घ्यावं का? आमचं उत्तर नाही असं आहे. सोय दिसते खरी, पण सांगाडा पंधरा वर्षं टिकेल अशा झाडावर पाच-सात वर्षांत बिघडणारी माळ घट्ट गुंडाळलेली असते. अर्धं झाड अंधारात गेलं की आधी दोन भागांमधला प्लग, मग मुख्य प्लगमधला फ्यूज, मग त्या पट्ट्यातला सैल झालेला किंवा खोबणीतून निसटलेला बल्ब, या क्रमाने बघा. माळेचे पट्टे एकसर जोडणीचे असतात, म्हणून एक बल्ब निसटला तरी तो पट्टा पूर्ण विझतो. एवढं करूनही पेटला नाही तर शेकडो क्लिपा कापून तार उतरवावी लागते, आणि बहुतेक लोक तसं न करता धडधाकट झाड फेकून देतात. दांड्याच्या आतून वीज नेणाऱ्या झाडांत भाग जोडताना आतल्या पिना वाकणार नाहीत याची काळजी घ्या, त्या वाकल्या की वरचा भाग कायमचा बंद. साधं झाड आणि वेगळी एलईडी माळ घेतली तर माळ बदलायला काहीच अडचण येत नाही. बर्फासारखा पांढरा लेप दिलेलं झाडही टाळा. तो लेप दरवर्षी झडतो, पिवळा पडतो, आणि धुता येत नाही.

धातूच्या चकचकीत झाडांवर विजेची माळ कधीही लावू नका. १९५९ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटोवॉक इथल्या कारखान्यातून ॲल्युमिनियमची झाडं बाजारात आली, तेव्हा शॉक बसू नये म्हणून त्यांच्यावर दिवे न लावता जमिनीवरून फिरत्या रंगीत चकतीचा प्रकाश टाकत.

माप दोन्ही झाडांना सारखंच लागू. छताच्या उंचीतून शेंड्यावरच्या ताऱ्यासाठी आणि हातासाठी ३० सेंटिमीटर वजा करा. खऱ्या झाडात स्टँडची उंची वेगळी धरा, कृत्रिम झाडाच्या पेटीवरची उंची पायांसकट असते. रुंदी मोजायला जमिनीवर चिकटपट्टीने वर्तुळ आखून बघा आणि दार उघडतंय का ते पाहा. जागा अरुंद असेल तर निमुळत्या आकाराचं कृत्रिम झाड खऱ्यापेक्षा सरस ठरतं.

दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असेल तर दोन्हीकडे धोका आहे. खऱ्या झाडावर बुरशी असते, ती गरम खोलीत वाढते. कृत्रिम झाडावर वर्षभराची धूळ. खरं झाड घरात घेण्याआधी बाहेर पाण्याने धुऊन वाळवा, कृत्रिम झाड मोकळ्या हवेत झटकून कोरड्या ब्रशने साफ करा.

तिसरा पर्याय कुंडीतल्या जिवंत झाडाचा, आणि यात फसगत जास्त होते. कुंडीतच वाढवलेलं झाड आणि शेतातून उपटून विक्रीपुरतं कुंडीत कोंबलेलं झाड यांत फार फरक आहे. दुसऱ्या प्रकारची निम्मी मुळं तुटलेली असतात. कुंडीच्या तळाच्या भोकांतून बारीक मुळं दिसत असतील आणि खोड धरून हलकेच उचलल्यावर मातीसकट गड्डा वर येत असेल, तर झाड कुंडीत रुळलेलं आहे. थंड प्रदेशातलं फर किंवा स्प्रूस घरात सात ते दहा दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. उबेने त्याची हिवाळी झोप मोडते, कोंब हलतात, आणि मग बाहेरच्या गारठ्यात ते मरतं. आत आणताना आणि बाहेर नेताना दोन-तीन दिवस पडवीसारख्या मधल्या जागी ठेवा.

उष्ण हवेत हे फर-स्प्रूस जगतच नाहीत. तिथे कुंडीत जे झाड ख्रिसमस ट्री म्हणून विकलं जातं ते बहुधा अरॉकेरिया. नावात नॉरफोक आयलंड पाइन असलं तरी ते पाइन नाही. मूळचं पॅसिफिकमधल्या नॉरफोक बेटाचं. फांद्यांचे थर अगदी रेखीव, पण फांद्या नाजूक, म्हणून कागदी किंवा हलकी सजावटच टांगा. त्याचा शेंडा कधीही छाटू नका. नवा शेंडा येत नाही आणि झाडाचा आकार कायमचा जातो. भरपूर उजेड दिला आणि कुंडीत पाणी साचू दिलं नाही तर ते वर्षानुवर्षं टिकतं. सजवायचं, पुन्हा गॅलरीत ठेवायचं, पुढच्या वर्षी पुन्हा आत आणायचं. लहान घराला आणि उष्ण हवेला आम्ही बेधडक हेच सुचवू.

सण संपल्यावर खऱ्या झाडावरचा चमचमता कागद, तारा, आकडे एकूण एक काढा. एक तार राहिली तरी भुगा करणाऱ्या यंत्राचं पातं खराब होतं आणि झाड परत केलं जातं. सुया सांडू नयेत म्हणून झाड उभं असतानाच त्याच्यावर जुनी चादर वरून खाली गुंडाळा, स्टँडमधलं पाणी मगाने काढा आणि खोड पुढे करून दारातून न्या. घरातल्या शेकोटीत फांद्या जाळू नका. राळेने एकदम भडका उडतो आणि धुराड्यात ज्वालाग्राही काजळी साठते. कृत्रिम झाड उतरवताना आधी दिवे लावून कुठली माळ बिघडलीय ते बघा आणि तीच त्या दिवशी बाजूला काढा. प्रत्येक भागाच्या फांद्या खालून वर दाबत कापडी पट्टीने बांधा. झाड पूर्ण कोरडं असल्याची खात्री करा. मूळच्या खोक्यात ते पुन्हा मावत नाही, मोठी कापडी पिशवी घ्या. पत्र्याखालच्या तापणाऱ्या माळ्यावर किंवा उन्हात ठेवलं तर पीव्हीसी पिवळं पडून ठिसूळ होतं. पलंगाखाली किंवा कपाटाच्या वर ठेवा, आणि पायाचे स्क्रू एका छोट्या पिशवीत घालून ती दांड्यालाच बांधून टाका.